आत कुणालाही सोडू नका

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी रंगाचा एक जुना कारखाना होता. तो बंद पडला, काही वर्षं नुसताच उभा राहिला आणि मग त्या जागेवर ‘भिंगरी’ नावाचं करमणूक पार्क झालं. चेतना तायडे पहिल्यांदा तिथे लागली ती तिकीट खिडकीवर. घाटकोपरच्या पंतनगरातून रोज बसने यायची, पोरंटोरं घेऊन आलेल्या माणसांशी हसून बोलायची. गर्दी हाताळण्याची तिची हातोटी वरच्यांच्या लक्षात आली आणि हळूहळू ती दिवसपाळीची प्रमुख झाली. कुठला पाळणा कधी सुरू करायचा, कुठे माणूस कमी पडतोय, कुठे मूल हरवलंय, सगळं तिच्याकडे यायचं.

मग पार्कची मालकी बदलली. नव्या मालकांनी हर्षद नावाचा व्यवस्थापक पाठवला. आधी मॉल सांभाळलेला, बोलायला गोड, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. माणूस वाईट नव्हता. पण त्याला एकच काम देऊन पाठवलं होतं, खर्च खाली आणायचं.

सुरुवात उघड्या रंगमंचावरच्या बाहुल्यांच्या खेळापासून झाली. तो बंद केला. मग पार्कभर फिरणारी छोटी आगगाडी शेडमध्ये गेली. तीन खाणावळींपैकी एकच उरली. ‘चक्रीवादळ’ आणि ‘आकाशझोका’ हे दोन मोठे पाळणे होते, ते आता आळीपाळीने चालायचे, कारण चालवणारी माणसं तीच. सफाईच्या कंत्राटात जवळपास निम्मे लोक उरले. कचऱ्याची गाडी रोज यायची ती एक दिवसाआड यायला लागली. आणि उरलेल्या गोष्टींपुढे रांगा लांबतच गेल्या.

एका सोमवारी चेतना हर्षदच्या केबिनमध्ये गेली.

“सर, लोक फार वैतागलेत. रविवारी मला चालायला जागा नव्हती.”

हर्षदने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “चेतना, गेल्या वर्षीपेक्षा तिकिटं कमी खपलीत. मग गर्दी जास्त कशी होईल, सांग ना.”

“माणसं तितकीच आहेत हो, पण आधी ती बसलेली असायची. कोणी बाहुल्या बघतंय, कोणी गाडीत, कोणी जेवतंय. आता बसायला काही नाही. सगळी रस्त्यावर उभी आहेत, नाहीतर रांगेत.”

हर्षदने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “मला पटतंय. खरंच. पण हे वर कसं सांगू? बाहुल्यांच्या खेळाला तिकीट नव्हतं. त्यांच्या हिशेबात तो नुसता खर्च आहे.”

चेतना उठली. दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, “नाताळची सुट्टी निभावून ने यार. जानेवारीत बोलतो मी त्यांच्याशी.”

सफाईतलं कोण ठेवायचं आणि कोणाला जा म्हणायचं, हे कंत्राटदाराने चेतनालाच विचारलं होतं. तिने सोनूबाईला ठेवलं. सोनूबाई भांडुपची, मूळची कुडाळकडची. नवरा गिरणीतला, गिरणी गेल्यावर तोही लवकर गेला. बाईचा हात असा की तिने पुसलेल्या लादीवर जेवायला बसावं. तिला ठेवून आपण तिचं भलं केलं असं चेतनाला वाटलं होतं. पण ज्या पट्ट्यात आधी चौघी असायच्या तिथे आता सोनूबाई एकटी उरली. ‘अंधारगुहे’ची रांग, तिच्या लगतची दोन्ही स्वच्छतागृहं आणि खाणावळीसमोरचं अंगण. दुपार झाली की तिचा चेहरा उतरायचा.

“गे बाय,” ती एकदा म्हणाली, “एका बाजूचा काढीपर्यंत दुसऱ्या बाजूक उकिरडो जाता. लोक माकाच शिव्या घालतत.”

“जानेवारीत माणसं वाढवतायत, मावशी,” चेतना म्हणाली. स्वतःच्याच तोंडून ते ऐकताना तिला कसंसंच झालं.

नाताळच्या आठवड्यातला शनिवार उजाडला. शाळांना सुट्टी, हवा छान, सकाळपासूनच गेटवर रीघ लागली. दुपारी ऊन जरा तापल्यावर चक्रीवादळ मध्येच थांबलं. कसला तरी सेन्सर गेला होता. बसलेल्यांना सुखरूप उतरवलं, पण पाळणा पुन्हा सुरू होईना. दुरुस्तीचा माणूस एकच, तो पार्कच्या दुसऱ्या टोकाला. आकाशझोक्याचा त्या दिवशी बंदचा वार होता. तेव्हा चक्रीवादळाच्या रांगेत ताटकळलेले सगळे लोक उठून अंधारगुहेकडे गेले.

अंधारगुहा म्हणजे कारखान्याचं जुनं गोदाम. तिथे आत बसून फिरायच्या गाड्या होत्या. रांगेसाठी गोदामाच्या कडेचा लांबट बोळ होता, दोन्हीकडे उंच भिंती, वर पत्रा. या बोळाच्या मध्यावर बाहेर मागच्या अंगणात उघडणारं एक लोखंडी दार होतं. आधी तिथे कुंडलिक नावाचा रखवालदार बसायचा. आता त्याला मुख्य गेटवर नेलं होतं, आणि फुकटे कुणी घुसू नयेत म्हणून दाराला कुलूप घातलं होतं.

चेतनाचा फोन वाजला. सोनूबाई होती. मागे एवढा कल्ला, की बोलणं नीट ऐकू येईना.

“चेतनाबाय, संडासाचा पाणी भायर इला! तुंबलासा. रांगेत जाता. मी पुसतंय पण माणसां सरकाक जागाच नाय!”

“मी येतेय. तुम्ही बाजूला उभ्या राहा.”

“बाजूक खय? बाजूच नाय!”

चेतना धावत निघाली. बोळाच्या तोंडाशी पोचली तर आत शिरणं शक्यच नव्हतं. माणसांच्या पाठीच पाठी. ती जवळच्या फुलझाडांच्या कट्ट्यावर चढली आणि डोकी ओलांडून तिने आत पाहिलं.

आतल्या कोणाचेही हात खाली नव्हते. ते छातीशी दुमडलेले होते, कारण खाली न्यायला जागा नव्हती. एका बापाने मुलीला डोक्यावर उचलून धरलं होतं आणि ती रडत होती, पण पार्कभर लावलेल्या गाण्यांच्या आवाजात तिचं रडणं ऐकू येत नव्हतं. मधूनच सगळा बोळ एकदम डावीकडे झुकायचा, मग उजवीकडे. कुणी ढकलत नव्हतं. माणसं आपापल्या पायांवर उभीच नव्हती. आणि मागून येणारे, ज्यांना यातलं काही दिसत नव्हतं, ते हसत, पॉपकॉर्न खात आणखी आत सरकत होते.

तिने हर्षदला फोन लावला. त्याच्याकडे त्या दिवशी मुख्य कार्यालयातले लोक पाहणीला आले होते.

“सर, गुहेच्या बोळात माणसं चेंगरतील. मुख्य गेट बंद करायला हवं. आत्ता.”

“चेतना, ऑनलाइन तिकिटं विकून झालीत. गेट बंद केलं तर बाहेर दंगा होईल.” तो आवाज खाली आणून बोलत होता. “गुहेची रांग अडव फक्त. तासाभरात पांगतात लोक.”

“रांग अडवून ते जाणार कुठे? दुसरं काही चालूच नाहीये!”

“हे लोक समोर बसलेत माझ्या. पाच मिनिटं दे. मी येतो.”

फोन बंद झाला. चेतनाने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

“मुख्य गेट. आत कुणालाही सोडू नका.”

पलीकडून कुंडलिकचा आवाज आला. “मॅडम, साहेबांनी सांगितलंय का?”

“मी सांगतेय. गेट लावा, आणि बोळाच्या दाराची चावी घेऊन मागच्या अंगणात या. पळत या.”

तिने गाणी बंद करायला लावली. अख्खं पार्क अचानक गप्प झालं आणि त्या शांततेत बोळातला आक्रोश पहिल्यांदा बाहेर ऐकू आला. पॉपकॉर्न खाणारे जागीच थबकले. चेतनाने कट्ट्यावरून भोंग्यातून सांगितलं, “गुहा बंद झालीय. मागचे सगळे मागे फिरा. आधी मागचे. पळू नका, सावकाश.” दोनदा, तीनदा, दहादा. शेपटाकडची माणसं कुरकुरत वळायला लागली.

ती वळसा घालून मागच्या अंगणात गेली. कुंडलिक धापा टाकत पोचला होता, कुलूपही त्याने काढलं होतं. पण दार उघडेना. ते बाहेरच्या अंगाला उघडायचं आणि बाहेर कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा डोंगर टेकलेला होता. आदल्या दिवशी गाडीचा वार नव्हता. आतून कुणीतरी दारावर मुठी आपटत होतं.

“ओढा!” चेतना ओरडली आणि स्वतःच पहिल्या पिशवीला भिडली. पिशवी फाटली. खरकटं, दूध, पोरांचे लंगोट तिच्या पायांवर सांडले. कुंडलिकने दोन्ही हातांनी पिशव्या फेकायला सुरुवात केली. खाणावळीतली दोन पोरं मागच्या दारातून हे पाहून धावत आली. कुणाला घाणीची शुद्ध नव्हती. दार आधी वीतभर उघडलं, मग हातभर, आणि मग माणसं बाहेर पडायला लागली. घामाने निथळलेली, पांढरीफटक, चपला हरवलेली. एक बाई बाहेर येऊन त्या कचऱ्यातच खाली बसली आणि मोठमोठ्याने श्वास घेत राहिली. तिचा मुलगा “आई, उठ ना, घाण आहे” म्हणत तिला ओढत होता.

बोळ रिकामा झाला तेव्हा भिंतीशी, पाण्यात, सोनूबाई दिसली. फरशी पुसायचं लांब दांडकं तिच्या अंगाखाली होतं. तिला उठता येत नव्हतं. उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता.

“माझो हात,” ती एवढंच म्हणत होती. “माझो हात बघ गे.”

चेतनाने तिला रुग्णवाहिकेत चढवलं आणि तशीच मुख्य गेटकडे गेली, कारण तिथला आरडाओरडा आता पार्कभर ऐकू येत होता. बाहेर तिकिटं काढलेली शेकडो माणसं गेटला धरून उभी होती. तिने समजावायचा प्रयत्न केला. आत काय झालं हे त्यांना सांगून पटेना. कुणी म्हणालं, पैसे घेता आणि दार लावता? कुणी तिच्या कपड्यांवरची घाण दाखवून हसलं. एकाने फोन थेट तिच्या तोंडासमोर धरला. तेव्हा तिचा तोल गेला.

“घरी जा सगळे!” ती किंचाळली. “आज आत जागा नाहीये! कळतंय का? घरी जा!”

तेवढाच तुकडा संध्याकाळपर्यंत मुंबईभर फिरला.

पुढच्या आठवड्यात तिला केबिनमध्ये बोलावलं. हर्षद होता, सफाईचा कंत्राटदार होता आणि मुख्य कार्यालयातून आलेल्या शर्मिष्ठाबाई. शर्मिष्ठाबाईंनी पाणी पुढे केलं, तब्येत विचारली, आणि मग अगदी शांतपणे विचारलं, “त्या दिवशी पाहुण्यांपैकी कुणाला इजा झाली?”

“नाही.”

“म्हणजे एकही नाही.”

“नाही. कारण आम्ही दार उघडलं.”

“हो, पण उघडलं नसतं तर काय झालं असतं हे कशावरून म्हणता?”

चेतनाच्या डोळ्यांसमोर तो एकदम झुकणारा बोळ होता. पण तो फक्त तिच्या डोळ्यांसमोर होता. घडलेलंच नाही ते दाखवणार कसं? तिने हर्षदकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

“मी पाहिलं होतं, मॅडम,” ती शेवटी म्हणाली.

“तुमचा हेतू चांगला होता, त्यावर माझा विश्वास आहे,” शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. “व्हिडिओचं आम्ही मिटवू. एकच गोष्ट राहते. ती सफाईवाली बाई.”

कंत्राटदार लगेच बोलला. “ती बाई त्या वेळेला जेवणाच्या सुट्टीत होती. बोळात स्वतःहून गेली. कामावर असताना झालेला अपघात नाहीच तो.” मग चेतनाकडे बघून, “तुम्हीच तिला बाजूला उभी राहा म्हणाला होता ना मॅडम?”

“विचार करून सांगा,” शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. “घाई नाही. तुमचं नाव खराब व्हावं असं इथे कुणालाच वाटत नाही.”

केबिनबाहेर पडल्यावर चेतनाला त्या वाक्याचा अर्थ पुरता कळला: सोनूबाई सुट्टीत होती असं ती म्हणाली नाही, तर दोष तिच्यावर येणार होता.

रविवारी ती भांडुपला गेली. चढावरच्या चाळीत सोनूबाईची खोली होती. बाई खाटेवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. तिचा मुलगा धोंडू कोपऱ्यात स्टोव्हवर चहा ठेवत होता. तो चेतनाशी एक शब्द बोलला नाही.

“डॉक्टर काय म्हणाले, मावशी?”

“सळी घालूक होयी म्हणतत. घातली तरी पिळो मारूक येवचो नाय म्हणतत.” सोनूबाईने डाव्या हाताने कपडा पिळल्यासारखं करून दाखवलं. एका हाताने ते जमत नव्हतं.

चेतना खाली बघत राहिली. मग तिने विचारलं, “तुम्ही पडलात कशा?”

सोनूबाईने गळ्यातली झोळी सारखी केली. “पाणी होता थय मी दांडो आडवो धरून उभी होतंय. कोणी निसराक नको म्हणान. तोपर्यंत बरा होता. मगे तुझो भोंगो इलो. मागे फिरा, मागे फिरा. सगळी एकदम वळली, आणि धक्को माका बसलो.”

धोंडूने मान वर करून चेतनाकडे पाहिलं.

“माझ्यामुळे,” चेतना म्हणाली.

“मी तसा खय म्हटलंय?” सोनूबाई चिडून म्हणाली. “तू इचारलंस म्हणान सांगलंय. तू ओराडलंस नसतंस तर मी आज असतंय की नाय, माका ठावक नाय. तुका ठावक आसा? नाय ना? मग रडा नको. कामाचा बोल. तो कंत्राटदार म्हणता मी जेवणाच्या सुट्टीत होतंय. माका सुट्टी कोणी दिल्यान? सुट्टी दिवक दुसरा माणूस होता काय थय?”

“नव्हतं.”

“मग ता तू सांग. भायर नको सांगा, टीव्हीवर नको सांगा. थय, त्यांच्या पुढ्यात सांग.”

धोंडूने चहाचा कप चेतनाच्या समोर ठेवला, जरा जोरातच. तिने तो मुकाट्याने प्यायला.

घरी येऊन तिने केतनला सगळं सांगितलं. केतन, तिचा नवरा, औषधांच्या गोदामात कामाला होता. नोकऱ्या जाताना त्याने जवळून पाहिल्या होत्या.

“सांग तू खरं ते,” तो म्हणाला. “पण काढतील तुला, हे धरून चाल. सरळ काढणार नाहीत. कंटाळून तूच सोडशील असं करतील.” मग तो म्हणाला, “दुसरी नोकरी बघितल्यावर सांगितलंस तर चालणार नाही का गं?”

“तोवर तिचा हात तसाच ठेवायचा?”

केतन उठून तिचं ताट वाढायला गेला.

दुसऱ्या बैठकीत चेतनाने एका दमात सांगून टाकलं. सोनूबाई कामावर होती. त्या पट्ट्यात दुसरं कुणीही नव्हतं, त्यामुळे तिला सुट्टी मिळणंच शक्य नव्हतं. बाकीच्या बायकांना कमी केलं तेव्हा नावं आपणच काढून दिली होती. आणि पिशव्या दारापाशी टाकायच्या नाहीत हे सांगायला, बघायलाही माणूस उरलेला नव्हता. कंत्राटदार मध्येच बोलायला लागला, तेव्हा अचानक हर्षद म्हणाला, “बोलू द्या तिला.” त्याचा चेहरा लाल झाला होता. “ती खरं सांगतेय. माणसं कमी करायची ऑर्डर माझी होती.”

शर्मिष्ठाबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

सोनूबाईच्या ऑपरेशनचा खर्च मिळाला. घरी बसल्या काही महिन्यांचा पगारही मिळाला. नोकरी मात्र गेली, कारण पिळा मारता न येणाऱ्या बाईचा कंत्राटदाराला काय उपयोग? ती गावी बहिणीकडे गेली. चेतनाला साकीनाक्याच्या कार्यालयात हलवलं, तक्रारींचे फोन घ्यायला. दिवसभर लोक तिला पार्कातल्या घाणीबद्दल आणि रांगांबद्दल बोलायचे आणि तिने कागदावर छापलेलं एक ठरावीक उत्तर वाचून दाखवायचं. होळीच्या आधीच तिने राजीनामा दिला. केतन म्हणाला होता तस्संच झालं, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही.

एप्रिलमध्ये हर्षदचा फोन आला. चेतना आता घाटकोपरलाच एका इस्पितळात नोंदणीच्या टेबलावर बसत होती.

“कशी आहेस?” त्याने विचारलं. आवाज थकलेला होता. “मे महिना येतोय. मला माणूस हवाय गर्दी बघायला. तू ये परत. त्या दाराचं कुलूप मी काढलंय. कुंडलिकला पुन्हा तिथे बसवलाय. भांडून मिळवलंय यार ते.”

चेतनाला मनापासून बरं वाटलं. “चांगलं केलंत सर. आणि सफाईला? बाहुल्यांचा खेळ?”

“एकेक करून मागतोय गं. या वर्षी तेवढंच मिळालं.”

“आणि गेट? गेट लावायचं असलं तर मला कुणाला विचारावं लागेल?”

“मला,” हर्षद म्हणाला. आणि मग, “म्हणजे, मी वर विचारणार.”

“मग नको, सर.”

त्याने आग्रह केला नाही. अपूर्वाला, चेतनाच्या मुलीला, दहावीच्या निकालासाठी शुभेच्छा सांगितल्या आणि फोन ठेवला.

मे महिन्यातल्या रविवारी चेतनाला सुट्टी असायची. केतन आणि अपूर्वा दुपारी झोपले की ती फोन घेऊन गॅलरीत बसायची आणि लोकांनी ‘भिंगरी’बद्दल काय लिहिलंय ते वाचायची. फार घाण. एका पाळण्यासाठी अख्खी दुपार गेली. संडासात पाय ठेववत नाही. पैसे वाया. पुन्हा येणार नाही. तीच ती वाक्यं, वेगवेगळ्या नावांनी. ती शेवटपर्यंत वाचत जायची. याहून वाईट कुठे काही लिहिलेलं नाही ना, हे तिला बघायचं असायचं. नसायचं. मग ती फोन बाजूला ठेवायची, पण आत जाऊन आडवी व्हायची नाही. खालच्या रस्त्यावर रिक्षातून, बसमधून सुट्टीचे नवे कपडे घातलेली पोरं कुठे कुठे निघालेली असायची, त्यांच्याकडे बघत बसायची.